बोस्टनचे तळघर : हंगामी सेलच्या इतिहासातील एक पान



'सेल' हा शब्द आज कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. दुकानाच्या दारावर, वर्तमानपत्राच्या पानावर आणि आता तर हातातल्या मोबाईलवरही तो आपली वाट पाहत असतो. मिळकत मोजकी आणि मुलांचे कपडे मात्र दरवर्षी आखूड होणारे, अशा घराला स्वस्ताईचे आकर्षण वाटले तर त्यात गैर काहीच नाही. परंतु काल शंभर रुपयांना असलेली वस्तू आज पन्नास रुपयांना का मिळते, याचा विचार आपण क्वचितच करतो. दुकानदार एकाएकी उदार झाला, की त्यात त्याचाही काही हिशेब असतो? आणि त्या स्वस्ताईचा भार शेवटी कोणाच्या खांद्यावर पडतो? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी आपल्याला विसाव्या शतकाच्या आरंभी, अमेरिकेतील बोस्टन शहरातल्या एका दुकानाच्या तळघरात उतरावे लागेल. त्या तळघराचा इतिहास उद्बोधक तर आहेच, शिवाय त्याच्या मालकाच्या जीवनाचा एक धागा थेट आपल्या देशातील खेड्यांपर्यंत येऊन पोचतो.

एकच भाव

आधी थोडी पार्श्वभूमी पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोप-अमेरिकेतही बहुतेक दुकानांत घासाघीस चाले. वस्तूवर किंमत लिहिलेली नसे. गिऱ्हाईक पाहून भाव सांगितला जाई. ज्याला बोलता येई त्याला वस्तू स्वस्त पडे आणि जो भोळा तो ठकला जाई. ही रीत मोडण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्यांत पॅरिसमधील 'बाँ मार्शे' या दुकानाचा चालक आरिस्तीद बूसिको याचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. १८५२ मध्ये तो या दुकानात भागीदार झाला. प्रत्येक वस्तूवर ठरलेली किंमत, सर्वांना एकच भाव, न आवडलेली वस्तू परत करण्याची सोय आणि एकाच छपराखाली अनेक खाती, असे दुकान त्याने उभे केले. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या जॉन वॉनामेकरने १८७६ मध्ये रेल्वेच्या एका जुन्या मालधक्क्याच्या इमारतीत आपले प्रचंड दुकान थाटले आणि किमतीच्या चिठ्ठीचा आग्रह धरला. अशा दुकानांना 'डिपार्टमेंट स्टोअर' हे नाव पडले.

एक भाव आला, तशी एक नवी अडचणही आली. घासाघीस चालू असताना पडून राहिलेला माल दुकानदार गुपचूप कमी भावात एखाद्याच्या गळ्यात घालू शके. भाव एकदा जाहीर झाला की तो उतरवायचा तर तोही जाहीरपणेच उतरवावा लागतो. हंगामी सेलचे मूळ येथे आहे.

हंगाम सरतो, माल उरतो

थंड मुलखातील कापडाचा व्यापार ऋतूंवर चालतो. हिवाळ्याचा लोकरी कोट वसंत ऋतूत कोणी घेत नाही आणि उन्हाळ्याचा पातळ झगा थंडीत कामाचा नाही. शिवाय फॅशन बदलते. यंदा उरलेला कोट पुढच्या हिवाळ्यात काढला तर त्याची पद्धत जुनी झालेली असते. दरम्यान तो जागा अडवतो, त्याला कसर लागते आणि मुख्य म्हणजे त्यात दुकानदाराचे भांडवल अडकून पडते. त्या पैशातून नव्या हंगामाचा माल घेता येत नाही. म्हणून 'थोडे नुकसान सोसावे, पण माल मोकळा करावा' हा व्यापारातला शहाणपणा ठरला. नाताळची खरेदी संपल्यावर जानेवारीत दुकाने ओस पडत. त्या रिकाम्या दिवसांसाठी वॉनामेकरने १८७८ च्या जानेवारीत चादरी, टेबलक्लॉथ यांसारख्या पांढऱ्या कापडाचा खास सेल काढला. पुढे जानेवारीतला हा 'व्हाइट सेल' अनेक दुकानांचा शिरस्ता होऊन बसला.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. सेल हे दान नव्हे. तो दुकानदाराच्या चुकलेल्या अंदाजाचा जाहीर निकाल असतो. परंतु आपली चूक जाहीर करणे कोणाला आवडते? खात्याचा प्रमुख भाव उतरवायला कां-कूं करी, आज विकेल उद्या विकेल म्हणून वाट पाही आणि तोवर मालाची रयाच जाई. या मानवी दुबळेपणावर बोस्टनच्या एका व्यापाऱ्याने उपाय शोधला.

तारीख लिहिलेली चिठ्ठी

विल्यम फायलीन हा प्रशियातील पोझेन प्रांतातून १८४८ मध्ये अमेरिकेत आलेला ज्यू निर्वासित. १८८१ मध्ये त्याने बोस्टनमध्ये दुकान काढले. त्याचा मुलगा एडवर्ड (जन्म १८६०) अभ्यासात हुशार होता. हार्वर्ड विद्यापीठात त्याला प्रवेशही मिळाला होता. परंतु वडील आजारी पडले आणि शिक्षण सोडून त्याला दुकानात उभे राहावे लागले. धाकटा भाऊ लिंकन याच्यासह त्याने दुकान नावारूपाला आणले. विद्यापीठाचे दार बंद झाले, पण एडवर्डचे वाचन आणि विचार करणे थांबले नाही. विद्यार्थी मित्रांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

१९०९ मध्ये फायलीन बंधूंनी दुकानाच्या तळघरात स्वस्त मालाचे खाते सुरू केले. स्वस्त मालाची तळघरे इतर शहरांतही होती. येथील नियम मात्र वेगळा होता. प्रत्येक वस्तूच्या चिठ्ठीवर किमतीबरोबर ती विक्रीला ठेवल्याची तारीखही असे. विक्रीचे १२ दिवस उलटून वस्तू उरली की किंमत २५ टक्के उतरे, १८ दिवसांनंतर ५० टक्के आणि २४ दिवसांनंतर ७५ टक्के. ३० दिवसांनंतरही ती उरली तर धर्मादाय संस्थेला देऊन टाकली जाई. भाव उतरवायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार मालकानेही आपल्या हाती ठेवला नव्हता. तारीख उलटली की भाव आपोआप उतरे. म्हणून त्याला 'ऑटोमॅटिक बार्गेन बेसमेंट' असे नाव मिळाले.

विद्यार्थी मित्रांनो, हा हिशेब वहीत मांडून पाहा. १० डॉलरचा कोट घ्या. रविवारची सुटी धरली तर आठवड्यात विक्रीचे दिवस सहा. म्हणजे दोन आठवड्यांनी कोट साडेसात डॉलरला, तीन आठवड्यांनी ५ डॉलरला, चार आठवड्यांनी अडीच डॉलरला आणि पाच आठवड्यांनी तो गरिबाच्या अंगावर फुकट. येथे प्रत्येक वेळची सूट मूळ किमतीवर आहे, उतरलेल्या किमतीवर नाही, हे विसरू नका.

आता गंमत पाहा. भाव उतरण्याचा दिवस गिऱ्हाइकाला आधीच ठाऊक. मग सगळेच शेवटच्या दिवसापर्यंत का थांबत नसत? कारण तो कोट एकच असे आणि त्याच्यावर डोळा ठेवणारे अनेक. थांबावे तर भाव उतरेल, पण तोवर दुसरा कोणी घेऊन जाईल. त्यामुळे फारच थोडा माल तिसाव्या दिवसापर्यंत उरे. काही चतुर गिऱ्हाइके आवडलेला कपडा भलत्याच ढिगाखाली दडवून ठेवत, अशाही कथा बोस्टनमध्ये सांगितल्या जात.

आरंभीची सुमारे दहा वर्षे हे तळघर तोट्यात चालले, तरी फायलीनने नियम मोडला नाही. पुढे मात्र ते इतके चालले की वरच्या मजल्यांपेक्षा त्याचीच कीर्ती मोठी झाली. १९१२ मध्ये दुकानाची नवी भव्य इमारत उभी राहिली आणि तिचे तळघर भुयारी रेल्वेच्या स्थानकाला जोडले गेले. कामावरून परतणारी मजूर स्त्री आणि बड्या घरची बाई एकाच टेबलावरचा ढीग उपसू लागल्या. कपडे घालून पाहण्यासाठी आडोसा नसे. बायका आपल्या कपड्यांवरूनच नवे कपडे चढवून पाहत. भाव मात्र दोघींना एकच आणि तो उतरण्याची तारीखही एकच! ओळखपाळख, बोलण्याची चतुराई, अंगावरचे कपडे यांवर काहीच अवलंबून नव्हते. गरिबाला स्वस्त वस्तू मिळाली, पण ती उपकार म्हणून मिळाली नाही. या तळघराचे खरे मोल मला येथे दिसते.

शिवणाऱ्याचे हात

येथे थांबलो तर इतिहास अर्धाच सांगितल्यासारखे होईल. कपडा स्वस्त होण्याचे आणखी एक कारण त्या काळी होते. ते दुकानात दिसत नसे, कारखान्यात दिसे. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधील ट्रँगल या ब्लाउज शिवणाऱ्या कारखान्याला आग लागली. बाहेर पडण्याचे एक दार कुलूपबंद होते. १४६ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुतेक परदेशांतून पोट भरायला आलेल्या तरुण मुली होत्या. बोस्टनच्या उत्तरेस असलेल्या लॉरेन्स या गिरणगावात १९१२ च्या जानेवारीत मोठा संप झाला. कायद्याने आठवड्याच्या कामाचे तास ५६ वरून ५४ वर आणले, तेव्हा गिरणीमालकांनी त्या प्रमाणात पगारही कापला, हे त्याचे कारण. त्या कामगारांची सरासरी मजुरी आठवड्याला नऊ डॉलरपेक्षाही कमी होती. म्हणजे लोकरीचे कापड विणणाऱ्या माणसाला आपल्या हिशेबातला तो १० डॉलरचा कोट पुऱ्या आठवड्याच्या कमाईतही घेता येत नव्हता!

स्वस्ताई दोन प्रकारची असते. दुकानदार आपल्या नफ्यातून देतो ती एक आणि कामगाराच्या घामातून कापली जाते ती दुसरी. चिठ्ठीवर दोन्ही सारख्याच दिसतात. हा फरक ओळखणे गिऱ्हाइकाला सोपे नाही, पण तो आहे याचे भान तरी आपण ठेवले पाहिजे.

हिंदुस्थानातील खेड्यातून

आता त्या धाग्याकडे वळू. तळघर सुरू होण्याच्या दोन वर्षे आधी, १९०७ मध्ये, एडवर्ड फायलीन जगप्रवासाला निघाला होता. त्या प्रवासात तो हिंदुस्थानात आला. आपल्याकडे १९०४ मध्ये सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला होता. पुढच्याच वर्षी त्या वेळच्या मुंबई इलाख्यातील धारवाड जिल्ह्यात, गदगजवळच्या कणगिनहाळ या गावी शेतकऱ्यांची पतपेढी स्थापन झाली होती. बंगालमध्ये हे काम पाहणारे इंग्रज अधिकारी विल्यम गोरले यांची फायलीनशी गाठ पडली आणि त्यांच्याबरोबर त्याने खेड्यांतील पतपेढ्या पाहिल्या. कोणतेही तारण ठेवण्याची ऐपत नसलेले शेतकरी एकमेकांच्या शब्दावर एकमेकांना कर्ज देतात आणि सावकाराच्या पाशातून सुटतात, हे पाहून तो फार प्रभावित झाला.

मायदेशी परतल्यावर तो या कामाला लागला. कॅनडात पतपेढ्या उभारणारे आल्फोन्स देजार्दँ आणि मॅसॅच्युसेट्सचे बँक आयुक्त पिअर जे यांच्या साहाय्याने १९०९ मध्ये, म्हणजे तळघर सुरू झाले त्याच वर्षी, त्या राज्यात 'क्रेडिट युनियन'चा कायदा झाला. पुढे या चळवळीवर फायलीनने स्वतःचे सुमारे १० लाख डॉलर खर्च केले. १९३४ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सहीने साऱ्या देशासाठी तसा कायदा झाला. फायलीनचे १९३७ मध्ये निधन झाले.

एका व्यापाऱ्याने पतपेढीची एवढी उठाठेव का करावी, असे कोणी विचारील. माझ्या मते या दोन कामांत एकच सूत्र आहे. कोट पाच डॉलरला मिळाला, पण ते पाच डॉलर जबर व्याजाने काढलेले असतील तर तो कोट दहा डॉलरलाही महागच पडतो. दुकानात वाचवलेले पैसे सावकाराच्या घरी जात असतील तर सेलचा उपयोग काय? गरिबाला स्वस्त वस्तू हवी, तशीच स्वस्त पतही हवी.

आपण काय घ्यावे?

काळ कोणासाठी थांबत नाही. ज्या तळघराचा नियम वस्तूंनाही ३० दिवसांपेक्षा जास्त थारा देत नसे, त्यालाही अखेर दिवस भरावे लागले. बोस्टनचे ते मूळ तळघर २००७ मध्ये बंद झाले आणि त्या नावाची उरलेली दुकाने २०११ च्या अखेरीस बंद झाली. क्रेडिट युनियन मात्र आजही अमेरिकेत कोट्यवधी सभासदांची आहे आणि आपल्याकडील पतपेढ्याही गल्लोगल्ली उभ्या आहेत.

पालकहो, सेलच्या पाटीपुढे उभे राहाल तेव्हा स्वतःला चार प्रश्न विचारा. मूळ किंमत खरोखर तेवढी होती काय, की सूट दाखवण्यासाठी ती आधी फुगवली? ही वस्तू सेल नसता तरी मी घेतली असती काय? ती घेण्याचा पैसा माझा आहे, की व्याजाचा? आणि ती करणाऱ्याला त्याच्या श्रमाचा मोबदला मिळाला असेल काय? गरज नसलेली वस्तू अर्ध्या किमतीत घेणारा अर्धी किंमत वाचवत नाही, अर्धी किंमत गमावतो. हा हिशेब मुलांना लहानपणीच शिकवला पाहिजे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी जे उद्या दुकान चालवतील त्यांनी त्या चिठ्ठीवरची तारीख आठवावी. भाव उतरवणे अनेकांना जमते. पण आपला शब्द सर्वांना दिसेल असा लिहून ठेवायचा आणि दहा वर्षे तोटा सोसूनही तो मोडायचा नाही, हे फार थोड्यांना जमते. व्यापारात नाव मिळवायचे ते अशा दिलेल्या शब्दावरच!