गिटारच्या आडून

आधी एक ‘बीप’ ऐकू येतो. कुणीतरी कंटाळलेल्या आवाजात रोलचा नंबर सांगतं. मग खुर्ची सरकते, कुणी खोकतं, आणि नंतर बराच वेळ काहीच घडत नाही. अचानक गिटार वाजायला लागते आणि कुणीतरी नुकतीच सुचलेली चाल बाकीच्यांना वाजवून दाखवतं. रीळ संपतं. गाणं अर्ध्यावरच तुटतं.

ही बीटल्सची जानेवारी १९६९ मधली टेप. ती कधी विकायला काढण्यासाठी नव्हतीच. इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवरच्या एका सीनिअरच्या पेनड्राइव्हमधून ती माझ्याकडे आली. त्यानंतर महिनाभर मी रोज रात्री हेडफोन लावून लंडनच्या ट्विकनम स्टुडिओत जाऊन बसायचो. नीट रेकॉर्ड केलेले, गुळगुळीत केलेले अल्बम पाठ असताना हे असलं अर्धवट, खरखरीत काहीतरी का ऐकायचं, हा रूममेटचा प्रश्न होता. त्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नव्हतं.

आधी या टेपा झाल्या कशा ते सांगतो. २ जानेवारी १९६९ रोजी चौघं ट्विकनमला जमले. नवी गाणी बसवायची, ती लोकांसमोर सादर करायची आणि या सगळ्याचं चित्रीकरण करायचं, असा बेत होता. दिग्दर्शक होता मायकल लिंडसे-हॉग. दोन कॅमेरे होते आणि त्यांच्या जोडीला आवाज टिपणारे दोन नाग्रा टेपरेकॉर्डर. फिल्म महाग, म्हणून कॅमेरे मधूनमधून बंद व्हायचे. टेप त्यामानाने स्वस्त, म्हणून नाग्रा बहुतेक वेळ चालूच राहायचे. महिन्याच्या शेवटी साधारण ६० तासांचं चित्रीकरण आणि १५० तासांचा आवाज जमा झाला. म्हणजे त्या महिन्यात जे दिसलं, त्याच्या दुपटीहून जास्त ऐकू आलं.

त्या महिन्यात बरंच काही घडलं. १० तारखेला जॉर्ज हॅरिसन बँड सोडून निघून गेला. काही दिवसांनी तो परतला, मुक्काम सॅव्हिल रो इथल्या तळघरातल्या स्टुडिओत हलला, कीबोर्डवर बिली प्रेस्टन आला आणि वातावरण बदललं. ३० तारखेला त्याच इमारतीच्या गच्चीवर ते वाजले. हा त्यांचा शेवटचा जाहीर कार्यक्रम ठरला.

‘लेट इट बी’ हा चित्रपट मे १९७० मध्ये आला, तोवर बँड फुटल्याची बातमी जगभर झाली होती. त्यामुळे प्रेक्षक थिएटरात गेले ते घटस्फोटाची कारणं शोधायलाच. त्यात पॉल आणि जॉर्जची ६ जानेवारीची खडाजंगी होती. झालं! जानेवारी १९६९ म्हणजे भांडणाचा महिना, हा इतिहास त्या जेमतेम दीड तासाच्याही आतल्या चित्रपटाने पक्का करून टाकला.

टेपांचा प्रवास मात्र वेगळ्याच वाटेने चालला होता. ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्सने या गाण्यांचा एक कच्चा अल्बम तयार केला होता. तो बँडने नाकारला, पण त्याची प्रत बाहेर पडली आणि सप्टेंबर १९६९ मध्ये अमेरिकेतल्या काही रेडिओ केंद्रांनी ती चक्क वाजवली. तिच्यावरून ‘कम बॅक’ नावाची चोरटी तबकडी निघाली. अशा बिनपरवाना तबकड्यांना बूटलेग म्हणतात. पुढे मूळ नाग्रा टेपाच चोरीला गेल्या. २००३ मध्ये ब्रिटिश आणि डच पोलिसांनी त्यातल्या सुमारे ५०० टेपा हस्तगत केल्या, पण तोवर त्यांच्या प्रतींच्या प्रती चाहत्यांकडे पोहोचल्या होत्या. डग सल्पी आणि रे श्वाइगहार्ट या दोघांनी तर त्या ऐकून, कोणत्या दिवशी काय वाजलं, कोण काय बोललं याची नोंद करणारं पुस्तक १९९४ सालीच काढलं होतं. अधिकृत इतिहास एक सांगत होता आणि चाहत्यांच्या कपाटातला दुसरंच काही.

काय होतं त्या दुसऱ्या इतिहासात? मुख्य म्हणजे कंटाळा. उशिरा येणारी माणसं, थट्टामस्करी, शाळकरी वयातली रॉक अँड रोल गाणी, एकाच ओळीवर तासभर घासाघीस. त्या महिन्यात जॉन आणि रिंगो २८ वर्षांचे होते, पॉल २६चा, जॉर्ज २५चा. आज मी त्याच वयाचा आहे. डेडलाइन जवळ आलेली, नक्की काय बनवायचंय ते कुणालाच ठाऊक नाही, एकजण सगळ्यांना हाकतोय आणि दुसरा गप्प होत चाललाय. ही खोली मला चांगलीच ओळखीची आहे.

त्या गप्प होणाऱ्याने, जॉर्जने, एक नवं गाणं आणलं होतं. ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’. त्या पहिल्या काही दिवसांत ते पुन्हा पुन्हा वाजवलं जातं. कुणी त्याला वाईट म्हणत नाही. पण थोडा वेळ साथ होते, मग लक्ष उडतं, गाडी दुसऱ्याच गाण्याकडे वळते. ६ तारखेचं भांडण काही मिनिटांचं आहे. हे दुर्लक्ष तासन्‌तास चालतं. नुसता चित्रपट पाहिला तर जॉर्ज एका भांडणामुळे गेला असं वाटतं. टेपा ऐकल्या की तो रोज थोडाथोडा जाताना ऐकू येतो. चित्रपटात भांडण आलं, कारण ते नाट्यमय होतं. दुर्लक्षाचा सीन कापता येत नाही. त्यासाठी तेवढा वेळ त्या खोलीत बसावं लागतं. रूममेटला द्यायचं उत्तर मला इथे सापडलं.

पण गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये पीटर जॅक्सनचा ‘गेट बॅक’ हा जवळपास आठ तासांचा माहितीपट आला. त्यासाठी त्याच्या चमूने एक मशिन लर्निंग प्रणाली बनवली. मोनो टेपमध्ये सगळे आवाज एकाच लहरीत मिसळलेले असतात. त्यातून एकट्याचा आवाज काढणं म्हणजे आमटीतून मीठ वेगळं करणं. गिटार कशी वाजते, माणूस कसा बोलतो याच्या असंख्य नमुन्यांवर शिकलेलं नेटवर्क ते करून दाखवतं. इंजिनिअर म्हणून मी थक्क झालो. मग जॅक्सनने मुलाखतीत सांगितलेली एक गोष्ट वाचली. खासगी बोलायचं असलं की जॉन आणि जॉर्ज अॅम्प्लिफायर मोठा करून गिटार खाजवत बसायचे, म्हणजे मायक्रोफोनला फक्त गिटार ऐकू जाईल. नव्या सॉफ्टवेअरने गिटार काढली आणि खालचं बोलणं वर आणलं.

आमच्या ऑनलाइन मीटिंगा रेकॉर्ड होतात. काही बोलायचं असलं की आम्ही म्यूट दाबतो. गिटार हे त्यांचं म्यूट बटण होतं आणि ते माझ्याच व्यवसायातल्या लोकांनी ५२ वर्षांनी उघडलं. १३ जानेवारीचं तर त्याहून अवघड. जॉर्ज गेल्यानंतर जॉन आणि पॉल कँटीनमध्ये बोलत होते आणि तिथल्या फुलदाणीत मायक्रोफोन लपवलेला होता. जॉर्जशी आपण कसे वागलो, याबद्दलचं ते बोलणं आहे. इतिहास म्हणून त्याला मोल नाही असं मी म्हणूच शकत नाही. मी ते तीनदा ऐकलं. पॉल आणि रिंगो यांचं सहकार्य या माहितीपटाला होतं. जॉन १९८० मध्ये गेला, जॉर्ज २००१ मध्ये. त्यांना विचारायची सोय नव्हती.

आपल्याकडे मैफलींची खासगी रेकॉर्डिंगं जिवापाड जपणारे जुने रसिक आहेत. माझी आणि त्यांची जातकुळी एकच, असं मला वाटायचं. पण मैफलीत गवई समोरच्याला ऐकवत असतो. फुलदाणीसमोर कुणी गात नसतं.

म्हणून आता मी त्या टेपा ऐकतो तेव्हा मनाशी एक फरक करतो. कुणाला काय लपवायचं होतं ते गिटारच्या आड राहू देतो. कुणाला काय ऐकवायचं होतं आणि ऐकलं गेलं नाही, ते शोधतो. २५ फेब्रुवारी १९६९ रोजी, आपल्या सव्विसाव्या वाढदिवशी, जॉर्ज एकटाच स्टुडिओत गेला आणि ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ त्याने एकट्याने रेकॉर्ड केलं. पुढच्याच वर्षी त्याच नावाचा तीन तबकड्यांचा अल्बम त्याने काढला, पण हे रेकॉर्डिंग बाहेर यायला १९९६ उजाडलं. त्यात खुर्ची सरकत नाही, कुणी खोकत नाही, मध्येच कुणी दुसरं गाणं सुरू करत नाही. ट्विकनमची ती अर्धी तुटलेली गाणी ऐकून झाली की शेवटी मी हे लावतो, आणि संपेपर्यंत फोनला हात लावत नाही.