द्रौपदीच्या अपमानाचा कर्णाला पश्चात्ताप झाला होता का?

'मृत्युंजय' वाचलेल्यांचा कर्ण हळवा असतो. आमच्या धाराशिवच्या मित्रांच्या ग्रुपवर कुणी कर्णाचा फोटो टाकला की हा वाद ठरलेला.

शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ साली आली. तिच्या नऊ भागांपैकी चार भागांत कर्ण स्वतःच बोलतो. त्याची घालमेल त्याच्याच तोंडून ऐकल्यावर त्याला दोषी ठरवणं जड जातं.

मूळ महाभारत मात्र त्याला इतकं सोडत नाही. सभापर्वात तोच द्रौपदीला कुलटा म्हणतो आणि तिची वस्त्रं काढायला दुःशासनाला सांगतो. पुढे उद्योगपर्वात, दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून आपण पांडवांना टोचून बोललो, त्याचा आता त्रास होतो, असं तो कृष्णाजवळ कबूल करतो. चाहत्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा हाच. पण नीट वाचा: तिथे पांडव आहेत, द्रौपदीचं नाव नाही. मला हा फरक लहान वाटत नाही.

गंमत म्हणजे इरावती कर्वे यांचं 'युगान्त'ही १९६७ चंच. त्यात कर्णाकडे बऱ्याच कठोर नजरेनं पाहिलं आहे. त्यातला उतारा स्टेटसला ठेवलेला मी तरी अजून पाहिला नाही.