घूर्णीच्या मृण्मूर्तींचे मुखलेखन

बंगालमधील नदिया जिल्ह्यात कृष्णनगर हे शहर आहे. त्याच्या घूर्णी या भागातील कुंभारांनी घडविलेल्या लहान मनुष्याकृती एकोणिसाव्या शतकात दूरदूरच्या प्रदर्शनांत गेल्या. अठराव्या शतकात राजा कृष्णचंद्र याच्या आश्रयाने येथील मूर्तिकाम भरभराटीस आले, असे परंपरा सांगते. १८८६ च्या लंडनच्या प्रदर्शनात या मूर्तींचा बराच बोलबाला झाला. सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून त्यांच्या चेहऱ्यांवर कितपत विसंबावे, एवढाच प्रश्न येथे विचारार्थ घेतला आहे.

प्रथम कृतीचा विचार करू. घडविलेल्या मूर्तीवर पांढऱ्या मातीचा हात देतात व चिंचोक्याच्या खळीत कालवलेले रंग त्यावर चढवितात. अंगकांती आधी, भुवया व ओठ मागाहून. मूर्ती वीतभर असेल, तर डोळा ज्वारीच्या दाण्याएवढाही नसतो. बुबुळ केसभर सरकले, तरी नम्र मनुष्य उर्मट दिसू लागतो. पेणच्या गणेशमूर्तींच्या डोळ्यांचे काम, ज्यास आपल्याकडे आखणी म्हणतात, तेही असेच नाजूक. परंतु देवतेच्या मुखाला परंपरेचे प्रमाण असते. विणकर वा भिस्ती यांच्या मुखाला तसे प्रमाण नाही. तेथे कारागिराचे अवलोकन हाच आधार होय.

मात्र मागणी करणाऱ्यास व्यक्ती नको होती; त्यास जात आणि धंदा यांचा नमुना हवा होता. मुंबईत १८७२ मध्ये खुल्या झालेल्या, आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव धारण करणाऱ्या संग्रहालयातही निरनिराळ्या समाजांच्या लहान मृण्मूर्ती आहेत. अशा मूर्तीखालील चिठ्ठीवर समाजाचे वा धंद्याचे नाव असते. ज्याच्यावरून चेहरा घेतला, त्याचे नसते.

घूर्णीचे राखालचंद्र पाल यांनी घडविलेली निळीच्या कारखान्याची प्रतिकृती लंडननजीक क्यू येथील संग्रहात आहे. तिच्यातील मजूर आपापल्या जागी कामास लागलेले दिसतात. निळीचा धंदा कसा चालतो, हे दाखविणे हा तिचा हेतू. परंतु ज्या नदिया जिल्ह्यात हे कारागीर राहत, तेथेच १८५९ मध्ये रयतेने नीळ पेरण्यास नकार देऊन मळेवाल्यांविरुद्ध उठाव केला होता. आगाऊ रकमेचे कर्ज व जबरदस्तीची लागवड ही त्याची कारणे. प्रतिकृतीच्या हौदांत व मजुरांच्या रांगांत त्यांचा मागमूस नाही.

यावरून एक मर्यादा निश्चित होते. हत्यार कसे धरीत, पागोटे कसे बांधीत, याविषयी या मूर्तींची साक्ष मोलाची आहे. चेहऱ्यावरील समाधान मात्र त्या मजुराचे मानण्यापूर्वी, ती मूर्ती कोणी व कशासाठी मागविली, हे अभ्यासकाने पाहिले पाहिजे. रंगविणारा हात गावचा होता. मागणी गावाबाहेरची होती.