पाडायला काढलेली सराय आणि भिंतीवरची मिठाची वाट

१/ अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात ‘पेट्रिफाइड फॉरेस्ट’ हे राष्ट्रीय उद्यान आहे. २० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे वृक्ष येथे दगड होऊन पडले आहेत. आजचा धागा मात्र तेथील दोन इमारतींविषयी. #इतिहास #धागा

२/ पहिली ‘पेंटेड डेझर्ट इन’. हर्बर्ट लोर यांनी १९२०च्या दशकात वाळवंटाच्या कड्यावर प्रवाशांसाठी ती बांधली. भिंतींना अश्मीभूत लाकूडच वापरले. पुढे सरकारने ती विकत घेतली आणि महामंदीत बेरोजगार तरुणांना काम देणाऱ्या योजनेतून तिची पुनर्बांधणी झाली.

३/ १९४७-४८ मध्ये वास्तुरचनाकार मेरी कोल्टर यांनी तेथील भित्तिचित्रांचे काम होपी चित्रकार फ्रेड कबोटी यांच्याकडे सोपवले. कबोटी सरकारी निवासी शाळेत शिकलेले. मूलनिवासी मुलांची भाषा व चालीरीती पुसून टाकणे, हेच त्या शाळांचे धोरण होते.

४/ त्याच सरकारच्या भिंतीवर कबोटींनी होपी तरुणांची मिठाची यात्रा रंगवली. झुनी सॉल्ट लेककडे मीठ आणायला जाणारी ही वाट याच वाळवंटातून जाते. खाली ‘रूट ६६’ महामार्गावरून आलेल्या पर्यटकाला चित्र सांगत होते : हा मार्ग तुमच्या रस्त्याहून जुना आहे.

५/ १९६३ मध्ये रिचर्ड न्यूट्रा व रॉबर्ट अलेक्झांडर यांनी रचलेले काच-पोलादाचे नवे अभ्यागत केंद्र सुरू झाले आणि सराय बंद पडली. तिच्याखालची माती पाण्याने फुगते, त्यामुळे भिंतींना तडे जात. १९७०च्या दशकात ती पाडण्याचा विचार झाला.

६/ लोकांनी विरोध केला, सराय वाचली. १९८७ मध्ये तिला ‘राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू’चा दर्जा मिळाला. कालांतराने न्यूट्रांचे केंद्रही जुने झाले, तडकले आणि अखेर त्यालाही तोच दर्जा देण्यात आला!

७/ म्हणजे ‘ऐतिहासिक’ हा वास्तूचा उपजत गुण नव्हे. तो समाजाने घेतलेला निर्णय असतो. बहुधा तो उशिरा घेतला जातो. १९७०च्या दशकात बुलडोझर फिरला असता, तर दगडविटांसोबत मिठाची ती वाटही ढिगाऱ्यात गेली असती.

८/ उद्यानात कधी गेलात, तर उत्तर प्रवेशद्वाराजवळचे केंद्र आधी पाहा. तेथून सुमारे ३ किलोमीटरवर सराय आहे. आता ते संग्रहालय आहे. कबोटींची चित्रे आजही भिंतीवर आहेत. आणि आपल्या गावातली एखादी इमारत ‘जुनाट’ म्हणून पाडायला निघाली, तर आधी आत जाऊन भिंती पाहून या.