हत्याराची मालकी



स्मृतिव्याख्यानासाठी लेथ आणि टॅप-डाय यांसारखा रुक्ष विषय निवडल्याबद्दल काहींच्या भुवया उंचावल्या असतील. परंतु पांडेसऱ्यात उभे राहून यंत्राविषयी बोलावयाचे नाही, हेच मला अधिक विचित्र वाटले असते.

धुळे, जळगाव, नंदुरबार या बाजूंनी जी माणसे तापीकाठच्या रेल्वेने सुरतेस आली, त्यांतील सुतार-लोहारांची गावी स्वतःची हत्यारे होती. वाकस, रंधा, ऐरण, घण ही त्यांची मत्ता. दसऱ्याला पूजा व्हायची तीही त्यांचीच. उधना, लिंबायत, पांडेसरा येथे यंत्रमागापाशी उभे राहिल्यावर हाताला काम मिळाले, पण हत्यार मालकाचे झाले. गुजरात औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, त्याच्या पांडेसरा वसाहतीत रंगाई-छपाईच्या गिरण्या उभ्या राहिल्या. तेथेही हाच व्यवहार. म्हणून घराच्या पडवीत एखादा जुना लेथ बसविणाऱ्या मनुष्याकडे मी निव्वळ छांदिष्ट म्हणून पाहू शकत नाही.

मराठी माणसाच्या यंत्रप्रेमाचा सर्वपरिचित दाखला लक्ष्मणराव किर्लोस्करांचा (१८६९-१९५६). चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. रंग ओळखण्यातील दोषामुळे चित्रकला सुटली, यांत्रिक रेखाटन हाती आले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असताना फावल्या वेळात ते तेथील कर्मशाळेत यंत्रे हाताळून शिकले. पुढे बेळगावात बंधूंसह सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, लोखंडी नांगर आणि १९१० साली औंध संस्थानातील माळावर किर्लोस्करवाडी. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळविण्यासाठी दिल्या. आपल्याकडे सामग्री जमविण्याची कला ही अशी, अडचणीतून घडलेली आहे. इंग्लंडात छंदिष्टांसाठी 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक १८९८ पासून निघू लागले. आपल्या छंदिष्टाचा गुरू मात्र बहुधा भंगारवालाच.

नवशिक्याची समजूत अशी की, लेथ घेतला म्हणजे काम भागले. वस्तुतः खरा खर्च तेथून सुरू होतो. तीन जबड्यांचा चक गोल वस्तू झटकन धरतो. पण वेडीवाकडी वस्तू धरावयाची, किंवा काटेकोर मध्य साधावयाचा, तर चार जबड्यांच्या चकाला पर्याय नाही. तो आधी घ्यावा, असे माझे मत आहे. कापणारी टूले हायस्पीड पोलादाची असावीत. अमेरिकेत बेथलेहेम येथे टेलर व व्हाइट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या पोलादावरील उष्णसंस्काराची रीत शोधली. त्यापूर्वीचे साधे कार्बन पोलाद तापले की पाणी उतरून बोथट होत असे. कार्बाइडचे तयार तुकडे आकर्षक असतात, परंतु त्यांना वेग आणि भक्कम यंत्र लागते. हायस्पीडचे टूल ग्राइंडरवर आपल्या हाताने पाजळता येते, आणि ते पाजळता पाजळताच धातू कळू लागतो.

जुन्या लेथची आणखी एक गोष्ट फारजण विसरतात. भारताने मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली केला, पण यंत्रे काही कायद्याने बदलत नाहीत. अनेक जुन्या लेथांचा लीड स्क्रू इंचाला चार आट्यांचाच राहिला. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर; पाच इंच म्हणजे नेमके १२७. ही मूळ संख्या असल्याने तिला लहान करता येत नाही. म्हणून अशा लेथवर दीड मिलिमीटर अंतराचे आटे अचूक पाडावयाचे, तर ३० दात्यांचे चालक आणि १२७ दात्यांचे चालित चक्र लागते. लेथ विकत घेताना हे मोठे चक्र सोबत आहे काय, हे विचारणारा गिऱ्हाईक शहाणा समजावा. चकाजवळ बेड झिजला आहे की नाही, हेही डायल गेज लावून पाहावे. रंगाच्या नव्या हातावर भाळू नये.

आता मला जे सांगावयाचे आहे ते. टर्नर निवृत्त होतो किंवा निवर्ततो, आणि त्याची पेटी घरच्यांना ओझे वाटू लागते. त्यातील मायक्रोमीटर, टॅप, रीमर, स्वतः घडविलेली टूले किलोच्या भावाने भंगारात जातात. चाळीस वर्षांचा हात असा तागडीत पडतो. त्याच गल्लीत एखादा मुलगा एका टॅपसाठी पगाराची वाट पाहत असतो.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने शाळेने एक कपाट आणि एक नोंदवही ठेवावी. माजी विद्यार्थ्यांनी घरात पडून असलेली हत्यारे तेल लावून आणून द्यावीत. मुलांनी सही करून न्यावीत, धार लावून परत आणावीत. तुटलेला टॅपही नोंदवावा, लपवू नये. माझ्याकडे १२७ दात्यांचे एक बिडाचे चक्र आहे. पहिली नोंद त्याची करावी.