पोपटी, वाइन आणि दोन हजार वर्षं जुनी खापरं

आजचा एपिसोड जरा बाटलीतला आहे, त्यामुळे आई-बाबा शेजारी बसले असतील तर हेडफोन लावा.

गेल्या जानेवारीत आम्ही सहा जण वडखळला जमलो होतो. आमचा एक ग्रुप आहे, बहुतेक सगळे आयटीवाले. दोन-तीन महिन्यांतून एकदा तीन-चार बाटल्या आणायच्या, वर्तमानपत्रात गुंडाळायच्या आणि लेबल न बघता चव घ्यायची. मग भांडायचं. एरवी हे कुणाच्या तरी फ्लॅटवर होतं. या वेळी वडखळ, कारण एका मित्राचं घर तिथं नाक्यापासून जवळ आणि पोपटीचा सीझन. वडखळ म्हणजे गोवा हायवेवरचं ट्रॅफिक एवढंच ज्यांना माहीत आहे, त्यांच्यासाठी सांगतो: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ-ओवा, अंडी, मसाला लावलेलं चिकन भरायचं, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. आत पाण्याचा थेंब नाही. ही पोपटी.

नाशिकची शेनिन ब्लाँक त्या धुरकट शेंगांबरोबर भन्नाट लागली. शिराझ मात्र भांबुर्ड्याच्या वासापुढे हरली. (गाडी चालवणारा ताकावर होता, काळजी नको.) बोलता बोलता आमच्यातला एक जण म्हणाला, "कसलं भारी आहे यार, पण हे आपलं नाही. वाइन चाखणं, त्यावर बोलणं, हे सगळं आपण गेल्या वीस वर्षांत शिकलो."

मी तेव्हा गप्प बसलो, कारण मलाही तसंच वाटत होतं. घरी येऊन वाचायला लागलो आणि कळलं की हे साफ चूक आहे.

वडखळहून अलिबागच्या रस्त्याला लागा, पुढे रेवदंड्याकडे जा. तासा-सव्वा तासात चौल येतं. आज नारळी-पोफळीच्या वाड्या आणि शांतता. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने समुद्रव्यापाराची एक गाईड लिहिली, 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी'. लेखकाचं नाव कुणाला माहीत नाही, पण तो इजिप्तचा असावा आणि त्याने हा धंदा जवळून बघितलेला असावा. त्यात कल्याणनंतर येणारं बंदर आहे 'सेमिल्ला'. अभ्यासक ते चौल मानतात.

याच पुस्तकात भडोचला काय काय उतरतं त्याची यादी आहे. त्या यादीत पहिलंच नाव वाइनचं. आणि नुसती 'वाइन' नाही: इटलीची जास्त पसंतीची, त्याशिवाय लाओडिकियाची आणि अरबस्तानची. लाओडिकिया म्हणजे आजच्या सीरियातलं लताकिया. पुढे तो सांगतो की राजासाठी वेगळा माल न्यावा लागतो: चांदीची भांडी, गाणारी मुलं, जनानखान्यासाठी सुंदर मुली, तलम कापड, उत्तम सुगंधी लेप आणि उंची वाइन. माणसं आणि वाइन एकाच यादीत, एकाच सुरात. ते वाचताना जरा थांबलोच.

पण इटलीची जास्त पसंतीची, हे शब्द बघा. व्यापारी पसंती कधी लिहितो? गिऱ्हाईक एक चाखून दुसरं नाकारतं तेव्हा. म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर कुणीतरी तीन देशांच्या वाइन शेजारी ठेवून सांगत होतं की मला ही हवी, ती नको. आम्ही वडखळला वर्तमानपत्रात बाटल्या गुंडाळून तेच करत होतो.

मग प्रश्न येतो की तो माल भडोचलाच का, आपल्या बंदरांत का नाही? त्याचंही उत्तर पेरिप्लसमध्ये आहे. कल्याण आधी रीतसर बंदर होतं, पण नंतर तिथे अडवणूक सुरू झाली आणि चुकून आलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जाऊ लागलं. हा सातवाहन आणि क्षत्रप यांच्यातल्या भांडणाचा काळ. सोप्या भाषेत, जकात कुणाच्या खिशात जाणार यावरून मारामारी. तरीही माल घाटावर पोचत होताच. नेवाशाला ह. धी. सांकलियांनी 1954 ते 56 मध्ये उत्खनन केलं, तिथे रोमन अँफोराची खापरं मिळाली. घारापुरीलाही अशी खापरं मिळाली आहेत, आणि घारापुरी आपल्याच रायगड जिल्ह्यात येते.

अँफोरा म्हणजे दोन कानांचा, निमुळत्या बुडाचा मातीचा जार. बूड टोकदार का? जहाजाच्या पोटात एकमेकांत अडकवून रचता यावेत म्हणून. रोमन मापाप्रमाणे एका अँफोरात साधारण 26 लिटर माल. कित्येकदा वर शाईने मजकूर: आत काय आहे, कुणाचं आहे, कोणत्या सालचं. चक्क मेटाडेटा. शाई उडून गेली तरी माती बोलते. इटलीत नेपल्सच्या आसपास बनलेल्या जारांच्या मातीत ज्वालामुखीची काळी वाळू दिसते. व्हेसुव्हियसच्या परिसरातली ही वाळू भारतात सापडलेल्या खापरांतही ओळखता येते. लेबल नसताना बाटली ओळखण्याचा आमचा खेळ पुरातत्त्ववाले असा खेळतात.

या खेळात ते हरतातही, आणि हा भाग मला सगळ्यात आवडला. वर्षानुवर्षं भारतात कुठेही परदेशी जाराचं खापर मिळालं की 'रोमन' असा शिक्का बसायचा. 2007 मध्ये रॉबर्टा टॉम्बर या संशोधिकेने ही खापरं पुन्हा तपासली आणि दाखवून दिलं की यातली बरीच रोमन नाहीतच. ती मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या बाजूच्या 'टॉर्पेडो जार'ची आहेत. या जारांना कान नसतात आणि आतून डांबराचा थर असतो. यातूनही बहुधा वाइनच यायची, पण इराणच्या आखातातून, आणि रोमचा व्यापार ओसरल्यावरही कित्येक शतकं. म्हणजे हा काही एकदाच आलेला रोमन पाहुणा नव्हता. पिढ्यान्‌पिढ्यांचं गिऱ्हाईक होतं.

चव कशी असेल? आजच्यासारखी अजिबात नाही. जार झिरपू नये म्हणून आतून झाडाचा डिंक नाहीतर राळ लावायचे, त्याचा वास उतरायचा. काही ग्रीक वाइनमध्ये चक्क समुद्राचं पाणी घालायचे. रोमन लोक पाणी मिसळूनच प्यायचे. आमच्या ग्रुपमध्ये कुणी असली बाटली आणली तर पुढच्या वेळी त्याला बोलावणार नाही.

आणि हे शिकवायला रोमनांची गरजही नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षावर एक अख्खं प्रकरण आहे. त्यात द्राक्षाच्या दारूला 'मधु' म्हटलंय आणि तिची नावं तिच्या मुलखावरून पडतात असं सांगितलंय: कापिशायन, हारहूरक. यातलं कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेचा प्रदेश. आज शँपेन फक्त शँपेनमधलीच असा फ्रेंचांचा हट्ट असतो, त्याचंच हे जुनं रूप.

हे सगळं मी मार्चमध्ये परत वडखळला गेलो तेव्हा मित्राच्या आजोबांना उत्साहाने ऐकवलं. पोपटीच्या रात्री ते लांब बसून आमची गंमत बघत होते. ग्लास फिरवणं, नाक घालणं, "लिची येतेय", "नाही रे, पेरू". त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्या लहानपणी मोहाच्या दारूचा पण वास घेत होते. पण वास घेणारा पोलीस असायचा."

मी हसलो. मग घरी येऊन तेही वाचलं.

1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या छोट्या भट्ट्या बंद केल्या आणि दारू गाळणं मक्तेदारांच्या मोठ्या भट्ट्यांकडे गेलं. आजच्या रायगडातलं उरण हे त्याचं मोठं केंद्र. ताडी-माडीच्या झाडांवर जबर कर बसला. तरी लोक घरी मोह गाळतच होते, कारण जंगलात फूल फुकट पडतं. मग 1892 मध्ये खास मोहाच्या फुलांसाठी कायदा आला आणि तो लागू केला ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत. कुलाबा म्हणजे आपला रायगड, नाव 1981 मध्ये बदललं. दारू राहू द्या, फुलं बाळगणं हाच गुन्हा. जे फूल कातकरी आणि ठाकर लोक वाळवून खायचेही. दुष्काळात तेच पोटाला.

स्वातंत्र्यानंतर दारूबंदी आली आणि सैलही झाली. 2001 मध्ये महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं आणि वाइनरींना करात सवलती मिळाल्या. नाशिकची शेनिन आमच्यापर्यंत पोचली ती त्यामुळे, आणि त्याबद्दल मला तक्रार नाही. 2022 च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकण्याचा निर्णय झाला आणि केवढा वाद पेटला ते तुम्हाला आठवत असेल. वाइन दारू आहे की शेतीमाल, यावर टीव्हीवर आठवडाभर चर्चा. मोहाची फुलं गोळा करणं आणि बाळगणं यावरचे निर्बंध राज्याने त्याच्या फक्त एक वर्ष आधी, 2021 मध्ये उठवले होते. त्यावर कुठे पॅनल बसलेलं मला तरी आठवत नाही.

आणखी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. द्राक्षाची वाइन जारातून आली म्हणून खापरं उरली, आणि खापरांवर पीएचड्या झाल्या. मोह इथेच गाळायचे, इथेच प्यायचे. कुणी चांगला गाळायचा, कुणाचा जळका लागायचा, कोणत्या गावचा मागून घ्यायचे, हे ज्यांना कळत होतं त्यांनी काही लिहून ठेवलं नाही, आणि जहाजात भरून कुठे पाठवलंही नाही.

म्हणून त्या दिवशी फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून आजोबांना विचारलं, की चांगली मोहाची कशी ओळखायची? ते म्हणाले, आधी बोटावर घेऊन चोळायची. मग काडी लावून ज्योत बघायची. मग वास. "आणि तुमच्यासारखं ग्लासात नाक नाही घालायचं. थोडं लांबून. जवळ गेलं की नाक मरतं."

आमच्या पुढच्या बैठकीत शिराझ लांबून हुंगून बघितली. मिरी आली. आधी कधीच आली नव्हती.