तीन अंड्यांची गोष्ट

पेंग्विनच्या तीन अंड्यांसाठी माणसं किती लांब जाऊ शकतात? जून १९११ मध्ये तीन ब्रिटिश अंटार्क्टिकात ऐन हिवाळ्यात, २४ तास काळोख असताना, सुमारे १०० किलोमीटरच्या पायपिटीला निघाले, ते फक्त अंडी आणायला!

आता तुम्ही विचाराल, अंडी उन्हाळ्यात आणायला काय झालं होतं? मंडळी, तिथेच तर सगळी गंमत आहे. एम्परर पेंग्विन अंडं घालतो मे-जूनमध्ये, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात. (राणीच्या बागेतले पेंग्विन बघून याची कल्पना करू नका. ते हम्बोल्ट जातीचे, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. त्यांना एवढी थंडी झेपायची नाही.)

हा वेडेपणा वाटतो, पण हिशोब पक्का आहे. आमच्या धंद्यात रिलीजची तारीख आधी ठरते आणि बाकीचं प्लॅनिंग तिथून उलटं मोजत येतं ना, अगदी तसंच. पिल्लू पाण्यात उतरायला हवं डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा समुद्रात खाणं भरपूर असतं. पिल्लू वाढायला पाच महिने, त्याआधी अंडं उबवायला दोन महिने... मोजत मागे गेलं की थेट हिवाळ्यात पोचतो!

मादी एकच अंडं घालते, ते नराकडे सोपवते आणि खाण्यासाठी समुद्राकडे निघून जाते. घरटं वगैरे भानगड नाही. नर अंडं स्वतःच्या पावलांवर ठेवतो आणि वरून पोटाच्या कातडीची घडी पांघरतो. असे साधारण ६४ दिवस! आधीचे प्रियाराधनाचे दिवस धरले तर जवळपास चार महिने त्याच्या पोटात अन्नाचा कण नसतो. वजन ४० टक्क्यांपर्यंत उतरतं. मादी परतायच्या आधीच पिल्लू बाहेर आलं, तर हा उपाशी बाप आपल्या अन्ननलिकेतून दुधासारखा स्राव काढून त्याला भरवतो.

आणि थंडीचं काय? सगळे नर एकमेकांना चिकटून उभे राहतात, एका चौरस मीटरमध्ये दहा-दहा. बाहेर उणे ४० असलं तरी घोळक्याच्या आत तापमान ३० अंशांच्या वर जाऊ शकतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की दर अर्ध्या-एक मिनिटाने सगळा घोळका एक छोटं पाऊल सरकतो, लाटेसारखा. त्यामुळे घोळका हळूहळू ढवळला जातो. आपल्या विरार लोकलने यातून काहीतरी शिकावं!

असो. तर ते तीन ब्रिटिश. कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेतले डॉक्टर एडवर्ड विल्सन, हेन्री बॉवर्स आणि २५ वर्षांचा अ‍ॅप्स्ली चेरी-गॅरार्ड. विल्सन आधीच्या मोहिमेत केप क्रोझियरला येऊन गेला होता. तिथे वसंताच्या सुरुवातीलाच पिल्लं दिसली, तेव्हाच त्याने ताडलं की अंडी हिवाळ्यात घातली जातात. त्या काळी एक सिद्धांत जोरात होता: गर्भ वाढताना आपल्या पूर्वजांच्या अवस्थांतून जातो. पेंग्विन हा अगदी आदिम पक्षी, असाही समज होता. म्हणजे त्याचा गर्भ मिळाला तर पक्षी सरपटणाऱ्या प्राण्यांपासून कसे आले, याचा पुरावा हाती लागेल!

२७ जूनला ते केप इव्हान्सहून निघाले. सुमारे ३४० किलोचं सामान, दोन घसरगाड्या, ओढणारे स्वतःच. बर्फ वाळूसारखा, त्यामुळे एका वेळी एकच गाडी ओढता यायची. ती पुढे नेऊन ठेवायची, परत यायचं, दुसरी न्यायची. एक मैल पुढे जायला तीन मैल चाल. तापमान उणे ६० पर्यंत उतरलं. एकदा चेरीने तंबूबाहेर येऊन मान वर केली, तर कपडे तसेच गोठले आणि पुढचे चार तास मान वरच! त्याला चष्म्याशिवाय धड दिसत नसे आणि त्या थंडीत चष्मा लावणं अशक्य.

अपेक्षा हजारो पक्ष्यांची होती, दिसले शंभरेक. पाच अंडी घेतली, त्यातली दोन चेरीच्या हातमोज्यात फुटली. मग वादळ आलं आणि तंबू उडाला. दुसऱ्या दिवशी, विल्सनच्या वाढदिवशी, दगडी खोपटाचं छप्परही गेलं. तिघं उघड्यावर, स्लीपिंग बॅगांत बर्फाखाली पडून राहिले. वादळ ओसरल्यावर तंबू उताराच्या पायथ्याशी सापडला, म्हणून जगले. १ ऑगस्टला परतले.

विल्सन आणि बॉवर्स मार्च १९१२ मध्ये स्कॉटबरोबर दक्षिण ध्रुवाहून परतताना गेले. १९१३ मध्ये चेरी एकटाच अंडी घेऊन लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये गेला. त्याने लिहिलंय, की त्याला पोचपावतीसाठी ताटकळत बसवलं. अखेर अहवाल आला तो १९३४ साली. निष्कर्ष? या गर्भांमुळे ज्ञानात फारशी भर पडत नाही. तोवर तो सिद्धांतही मोडीत निघाला होता.

मग हे सगळं फुकट गेलं का? मला नाही तसं वाटत. सिद्धांत चुकीचा आहे हेही कुणीतरी तपासावंच लागतं. शिवाय भर हिवाळ्यात त्या वसाहतीपर्यंत पोचून हे पक्षी अंडी उबवताना पाहणारी ही पहिलीच माणसं.

आता वसाहती उपग्रहावरून शोधतात, बर्फावरच्या विष्ठेच्या तपकिरी डागांवरून. त्याच चित्रांतून वाईट बातम्याही येतात. २०१६ साली हॅली बे इथे पिल्लांना पोहण्याचे पंख यायच्या आत समुद्रावरचा बर्फ फुटला. २०२२ मध्ये बेलिंग्सहाउझन समुद्राच्या एका भागातल्या पाचपैकी चार वसाहतींत बहुधा एकही पिल्लू वाचलं नाही. उणे ६० मध्ये टिकणारा हा पक्षी थंडीने हरलेला नाही. त्याचं सगळं वेळापत्रक डिसेंबरपर्यंत पायाखाली बर्फ असेल या भरवशावर बेतलेलं आहे, आणि तो बर्फ आता आधीच फुटू लागलाय.